परातीचे चाकू

माझ्या हातच्या चाकूचा खिळा सैल आहे असं गावात कुणी म्हटलं असतं, तर गेल्या वर्षापर्यंत मी त्याच्या दारात जाऊन भांडले असते. नवरा म्हणतोच, तुझ्या तोंडाला कानस लावायला पाहिजे. पण झालं असं की ते मीच गावभर सांगत फिरले. एकेका बाईच्या ओट्यापुढं उभी राहिले आणि म्हटलं, बाई गं, माझा चाकू परत दे, खिळा सैल बसलाय, बोट कापेल. एकही खिळा सैल नव्हता. मेल्याहून मेल्यासारखं होणं कशाला म्हणतात ते मला त्या दिवसांत कळलं, आणि त्याचं कारण खिळा नव्हता.

आमचं गाव वालूरच्या अलीकडं. घराला लागून नवऱ्याचं पत्र्याचं शेड आहे, तिथं तो पाण्याच्या जळालेल्या मोटारी भरून देतो, म्हणजे त्यांच्यात नवी तार गुंडाळून देतो. त्यामुळं कानस, छिन्नी, हातोड्या, ड्रिल मशीन हे सगळं मला पळी-उलथन्यासारखंच हाताखालचं. लग्न होऊन आले तेव्हा तो मला नुसतं मोटारीचं झाकण धरायला बोलवायचा. मग स्क्रू आवळायला बोलवायला लागला, आणि पुढं पुढं "आता तूच कर की" म्हणून स्वतः चहा प्यायला जायला लागला. लोकांना सांगतो, आमच्या घरात दोन मिस्त्री हायेत, त्यातला एक बिनपगारी.

चाकूचं खूळ डोक्यात आलं ते कापूस वेचणीमुळं. रानात बाईला काहीतरी धारेचं लागतंच. गाठोड्याची सुतळी कापायची, दुपारी भाकरीबरोबर कांदा चिरायचा, पायातला काटा उकरायचा, सुपारीचं खांड करायचं. खुरपं जड पडतं, विळा सांभाळत फिरावा लागतो, आणि घरातली सुरी कमरेला खोचली की लुगडंही फाटतं आणि कातडंही. एक दिवस मोबाईलवर कुणीतरी घरच्या घरी घडीचा चाकू करताना दिसला. मी म्हटलं, हा एवढा मोठेपणा कशाला करायलाय, हे तर मला येतंय.

त्यात फार काही नसतं. लोखंड कापायच्या आरीचं मोडकं पान घ्यायचं. चुलीत लाल करून राखेत पुरून ठेवायचं, म्हणजे ते नरम पडतं आणि भोक पाडता येतं. कानशीनं दात घासून काढायचे, टोक काढायचं, पुन्हा लाल करून जळक्या ऑइलात बुडवायचं की पातं कडक होतं. मुठीला दोन पट्ट्या, त्यांच्यामध्ये पातं दुमडून बसेल एवढी फट, आणि सगळ्याला धरून ठेवणारा एक खिळा. खरं काम त्या खिळ्याचं. तो ऐरणीवर धरून दोन्ही बाजूंनी ठोकून चपटा करायचा. हातोडी जास्त पडली की पातं उघडत नाही आणि बाईचं नख तुटतं. कमी पडली की ते कमरेलाच उघडतं आणि पोटाला लागतं. माझा खिळा असा बसायचा की पातं नखानं उघडावं आणि उघडलं की जागेवर थांबावं. ह्याचा मला गर्व होता, आणि तो मी कधी लपवला नाही.

मुठीला जे हाताला लागेल ते घ्यायचे. फुटक्या कुकरचं हँडल, तापवून चपटा केलेला पाइपचा तुकडा, मोडक्या पेटीची पट्टी. चाकू मी विकत नव्हते. वेचणीच्या टोळीतल्या, ओळखीतल्या बायकांना देत होते. नवरा म्हणायचा, "फुकाट कामून वाटायलीस?" पण माझ्या हातचा चाकू गावातल्या निम्म्या बायकांच्या कमरेला असावा, ह्याची गोडी त्याला काय कळणार. देताना मात्र कधी हातात दिला नाही. धारेची वस्तू हातात दिली की भांडण लागतं, असं आमच्याकडं सगळेच मानतात. चाकू खाली ठेवायचा, घेणारीनं आपल्या हातानं उचलायचा. उचलला म्हणजे तिचा झाला.

गेल्या दिवाळीनंतर एक भंगारवाला गाडा घेऊन आला. त्याच्या गाड्यात मला पितळेची परात दिसली. परात कसली, ठेचून ठेचून पार चपटी केलेली, काळीकुट्ट. मी मोटारींची फुटकी झाकणं त्याच्या गाड्यात टाकली आणि परात उचलली. तो कुरकुरला, पण मी त्याला बोलू दिलं तर ना.

काठाखाली काहीतरी कोरलेलं होतं. आपल्याकडं कोणत्या भांड्यावर नाव नसतं? लग्नातलं, बारशातलं, कुणी कुणाला दिलेलं, सगळ्यावर नाव घालून घेतात. भंगारातल्या भांड्यावर तर ते असतंच असतं. मी वाचलं नाही. मला वाचता येतं. दहावी झालेली आहे मी, दुकानातून सामान बांधून आलेला कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाही. पण ती परात मी पत्रा म्हणून बघितली आणि छिन्नीनं पत्रा म्हणून कापली.

पट्ट्या चिंचेनं आणि राखेनं घासल्या तेव्हा पितळ असं निघालं की नवरासुद्धा हातातलं काम ठेवून बघायला आला. काठाखालच्या प्रत्येक पट्टीवर ठिपक्याठिपक्यांची अक्षरं उमटली होती. मला वाटलं, चला, नक्षी आयतीच मिळाली. कुठं दोन अक्षरं, कुठं एक. ओळीतल्या शेवटच्या पट्टीवर एक अक्षर आणि त्याच्यापुढं छोटा राघू, चोच वर केलेला. एका बाजूनं पितळ, मागच्या बाजूनं पाइपचा तुकडा, असे सगळे चाकू मी जीव लावून केले. बायका तुटून पडल्या. एका शेजारणीच्या मुठीवर "कडू" आलं, तर ती म्हणाली, "हे तर तुझंच नाव हाय, तूच ठेव." एका सासूबाईच्या मुठीवर "आई" आलं, ती सुनेला दाखवत फिरली. खूप हसलो आम्ही. राघूचा तेवढा मी कुणाला दिला नाही. तो फारच देखणा झाला होता, कुणाला द्यावा ते ठरेना.

आमच्या वेचणीच्या टोळीत एक मावशी आहे. माझी सख्खी कुणी नव्हे, सगळं गावच तिला मावशी म्हणतं. नवरा कधीच गेला, शेळ्या राखून आणि रोजानं जाऊन तिनं एक मुलगा आणि एक मुलगी वाढवली. मुलगा आता हाताशी आला आहे. मुलगी त्याच दिवाळीच्या थोडं आधी दुसऱ्या जातीतल्या पोराबरोबर पुण्याला गेली आणि लग्न करून बसली. भावानं घरात सांगून टाकलं की तिचं नाव ह्या उंबऱ्याच्या आत पुन्हा निघायचं नाही. घरात निघत नव्हतं, पण गावात दुसरं काही निघतच नव्हतं. मीही काही तोंड शिवून बसले नव्हते. एकदा वेचता वेचता मी मोठ्यानं म्हणाले, "पोरीच्या हातात मोबाईल दिला की असंच व्हतं बघा." मावशी शेजारच्याच ओळीत होती. तिनं मान वर केली नाही, बोंडं तोडत राहिली. तेव्हापासून ती जेवायला आमच्यात बसेनाशी झाली.

तिचा लेक एकदा मोटार घेऊन शेडवर आला. शेळ्यांची खुरं छाटायला चाकू पाहिजे म्हणाला. पितळेचे चाकू नुकतेच करून मी पोत्यावर मांडले होते. म्हटलं, घे ह्यातला बघून. तो उकिडवा बसला आणि बसलाच. एक उचलून इकडं ठेव, दुसरा तिकडं ठेव, पुन्हा तोच उचल, असं चाललं होतं त्याचं. मी म्हटलं, "चाकू घ्यायलास का बायको पसंत करायलास? सगळं इस्कटून टाकलास की." तो हसला नाही. एक चाकू खिशात घातला आणि मोटार तिथंच टाकून निघून गेला. मी नवऱ्याला म्हटलं, बहिणीच्या पायी माणूस पार तुसडा झालाय.

आता राघूच्या चाकूचं सांगते. मावशीला कुणी काही देत नाही, आपण द्यावं, असं एक दिवस माझ्या मनात आलं. सगळ्यांच्या देखत द्यावं, असंही आलं. त्यात दया किती होती आणि मिरवणं किती, हे माझं मला माहीत. दुपारी जेवणं झाल्यावर मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर गेले. ती एकटीच बाभळीखाली बसली होती. मी राघूचा चाकू तिच्यापुढं खाली ठेवला आणि म्हटलं, "मावशी, तुमच्यासाठी राखून ठेवला होता."

तिनं वाकून बघितलं. हात पुढं केला आणि मधेच थांबवला. बायका मागून म्हणायला लागल्या, उचल की मावशी, बघत काय बसलीस. तिनं हात मागं घेतला, पदर डोक्यावरून पुढं ओढला, उठली आणि कापसाच्या उभ्या पऱ्हाटीत शिरली. चाकू तिथंच मातीत पडलेला. सगळ्यांच्या समोर मला तोच खाली वाकून उचलावा लागला. दिवसभर मी धुसफुसत होते, एवढा कसला ताठा म्हणून. दिवस कलल्यावर घरी न जाता मी सरळ तिच्या आखाड्याकडं निघाले. गावाबाहेर त्यांचं शेळ्यांचं पत्र्याचं छप्पर आहे, तिथं ती त्या वेळी एकटी असते. दोन शब्द सुनवायचेच, असं ठरवून गेले होते.

मी तोंड उघडायच्या आधी तीच म्हणाली, "बरं झालं आलीस. पुन्हा दाखव तो."

मी चाकू खाली ठेवला. तिनं तो उचलला नाही. बोट लांब करून राघूवरून फिरवलं, आणि तसंच बोट तिथं ठेवून सांगायला लागली. "मला वाचता येत न्हाई माय. लेकीसाठी एकेक भांडं घेत गेले, रुखवताचं. भांड्यावर नाव घालणाऱ्याला मी म्हनलं, बाबा, नाव घाल, पण ही परात माझ्या लेकीची हाय हे मला वळखू आलं पायजे. एक राघू काढ. ल्हानपणी राघूवानी बोलायची ती. त्यानं काढला. चोच वर कर म्हनलं, तर ती बी केली."

सुनवायला आणलेले शब्द कुठल्या कुठं गेले.

"ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी पोरानं तिच्या नावाची सगळी भांडी पोत्यात भरली. गावात कुणाला दिसू नये म्हणून रस्त्यावर भंगारवाला गाठला. परात पोत्यात मावंना, तर दगडानं ठेचली. मी बघत व्हते. म्हनलं, गेली आता ती बी." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तू कापलीस व्हय तिला?"

मी मान हलवली. तिनं दोष दिला असता तर मी उलटून बोलले असते. मला काय स्वप्न पडलं होतं, भंगारात का टाकली मग, असं काहीही बोलले असते, जीभ तयार असतेच माझी. पण ती रागावली नव्हती. खरंच विचारत होती, जशी आपण विचारतो की शेळीचं करडू तुमच्याकडं आलं का. मला शेजारच्या ओळीतून बोललेलं माझं मोबाईलचं वाक्य आठवलं आणि तिथं शेळ्यांच्या लेंड्यांत गाडून घ्यावं असं वाटलं.

"बाकीची कुठं हाय?" तिनं विचारलं.

"वाटली मी. चाकू करून वाटली."

तिनं राघूवरचं बोट उचललं. मग म्हणाली, "मला एकदा ते सगळं बघायचंय. जसं व्हतं तसं, एकापुढं एक. नावासकट. मग तू ज्याचे त्याला देऊन टाक. पण कुणाला सांगू नको माय. पुन्हा तिचं नाव निघंल तोंडातोंडातून, आणि पोरगं पुन्हा पेटंल."

खरं कारण सांगायचं नाही आणि चाकू तर परत मागायचे. दिलेली वस्तू परत मागायची म्हणजे आमच्याकडं थुंकून चाटणंच. काय सांगावं ह्याचा मी सगळी वाट विचार केला. चाकू परत घ्यायला गावाला पटेल असं एकच कारण होतं, आणि ते माझ्याच मुळावर येणारं होतं.

पहिलं घर शेजारणीचं, "कडू"वालीचं. तिला म्हटलं, खिळा सैल हाय, बोट कापंल, दे, नीट करून देते. तिनं चाकू आणून ओट्यावर ठेवला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मला वाटलंच व्हतं. तुझं तोंड जेवढं चालतं तेवढा हात न्हाई चालत." एरवी हिला मी उभी-आडवी घेतली असती. ह्या वेळी चाकू उचलला आणि "व्हय बाई" म्हणून निघाले. मागून तिचा आवाज आला, ती सुनेला सांगत होती की बघ, कशी गुमान गेली.

असंच घरोघर. कुणी दिला, कुणी कुरकुरत दिला, एकीनं तर चाकू आत जाऊन शोधायचं नाटक करून मला उन्हात उभं ठेवलं. एक बाई आहे, तिच्या शिवणाला मी एकदा चारचौघींत नावं ठेवली होती, हे शिवलंय का टाचलंय म्हणून. तिनं चाकू उघडला, मिटला, उघडला, मिटला, आणि म्हणाली, "सैल तर काही लागंना मला. पण तुझं काम तुला म्हाईत." त्यावर मलाच पुन्हा म्हणावं लागलं की नाही, सैलच हाय, तुला कळत न्हाई. स्वतःचं चांगलं काम वाईट आहे हे भांडून पटवून द्यायची पाळी माझ्यावर आली. "आई"वाली सासूबाई तर देईचना. "माझी सून मला आई म्हनत न्हाई, हा चाकू तरी म्हनतो, राहू दे सैल," म्हणाली. तिच्यापुढं हात जोडले तेव्हा दिला.

चहाच्या हॉटेलावर ही बातमी नवऱ्याच्या कानावर गेली. घरी येऊन म्हणाला, "गावात म्हनायलेत तुझे चाकू बाद हायेत. एकेक खिळा मी हलवून बघितला व्हता की गं. झालं काय?" खूप वाईट वाटलं होतं त्याला, माझ्यापेक्षा जास्त. मी म्हटलं, "झालं असंल काही." तो माझ्याकडं बघत राहिला. मी अशी दोन शब्दांत गप्प होते हे त्यानं कधी बघितलंच नव्हतं.

सगळे गोळा झाले. मी पोत्यावर मांडून पहिल्यांदा ते वाचले, जे आधी वाचायला पाहिजे होतं ते. चि. सौ. कां., मग पोरीचं नाव, मग हिस, मग आईकडून, आणि राघू. फक्त पोरीच्या नावाचं पहिलं अक्षर नव्हतं. ते कुणाच्या खिशात आहे हे कळायला मला वेळ लागला नाही.

त्याला गाठायला गेले तेव्हा माझ्या अंगात दुसरंच वारं होतं. घरोघर मान खाली घालून झाली होती, आता कुठंतरी ती वर करायची होती. ह्याच माणसानं परात ठेचली. ह्याच्यामुळं म्हातारी कुढते. ह्याला चांगलं धुऊन काढायचं, फक्त खरं कारण सांगायचं नाही, एवढं त्याच्या आईचं बंधन पाळून. तो कालव्याच्या कडेला शेळ्या चारत होता.

"तो चाकू परत दे रे," मी म्हटलं. "खिळा सैल हाय त्याचा."

त्यानं खिशातून काढला. नखानं उघडला, मिटला. "न्हाई काकू," म्हणाला, "खिळा लय गच्च हाय."

"मला शिकवायलास का? दे म्हनते ना."

"मी देत न्हाई."

मी तोंड उघडलं, सगळं तयार होतं आत. पण त्याचा अंगठा मुठीवर होता. पितळेवर, त्या एका अक्षरावर, आणि तो ते झाकत नव्हता. अंगठा तिथं नुसता फिरत होता, आणि तेवढी जागा बाकीच्या मुठीपेक्षा गुळगुळीत झालेली दिसत होती. मला पोत्यापुढं उकिडवा बसलेला तो आठवला. एक इकडं, एक तिकडं. तो चाकू पसंत करत नव्हता. तो ओळ लावून वाचत होता, आणि मी त्याला बायको पसंत करायलास का म्हणाले होते.

"मला वाचता येतं काकू," तो म्हणाला. "सगळेच घ्यायचे व्हते. पण सगळे घेतले असते तर तुमी इचारलं असतं." मग शेळ्यांकडं तोंड करून म्हणाला, "मायला सांगू नका. तिच्यापुढं मला आता माघारी फिरता येत न्हाई."

मी आले तशी परत फिरले. वाटेत एक ओळखीचा मोटारसायकलवाला थांबला, येता का मागं बसून, म्हणाला. मी नको म्हटलं. माझं तोंड कुणी बघू नये असं झालं होतं. त्या घरातली दोन माणसं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होती, आणि मी बाहेरून येऊन एकीला ताठ्याची ठरवलं होतं, दुसऱ्याला तुसडा.

दुसऱ्या दिवशी मी आखाड्यावर गेले. फडकं पसरलं आणि चाकू मिटून एकापुढं एक ठेवले. जिथं पहिलं अक्षर पाहिजे तिथं बोटभर जागा सोडली. मावशी समोर बसली. तिला अक्षर कळत नाही, पण रिकामी जागा कळली.

"इथं काय व्हतं?"

"तिच्या नावाचं पहिलं अक्षर."

"ते कुणाकडं हाय?"

त्यानं सांगू नका म्हटलं होतं. तिनंही कुणाला सांगू नको म्हटलं होतं. आयुष्यभर नको तिथं बोलत आलेली बाई मी, इथं बोलावं की नाही हे मला ठरवता येईना. शेवटी म्हटलं, "तुमच्या लेकाकडं. खिशात ठेवतो तो. मागितला तर देत न्हाई म्हनला."

तिनं मला पुन्हा विचारलं नाही. शेळीचं एक पिल्लू फडक्यावर यायला लागलं, त्याला तिनं हातानं मागं सारलं आणि तो हात तसाच त्याच्या पाठीवर ठेवून बसली. मग म्हणाली, "वाच."

मी वाचायला लागले. चि. सौ. कां. एवढं वाचलं आणि अडले. पहिलं अक्षर समोर नव्हतं, ते तोंडातून काढायची मला हिंमत होईना, म्हणून मी दुसऱ्या अक्षरापासून नाव वाचलं. तिनं मला थांबवलं आणि पहिल्यापासून म्हटलं. पूर्ण नाव, पोरीला हाक मारताना म्हणतात तसं, शेवट लांबवून. त्या छपराखाली ते किती महिन्यांनी निघालं असेल. मग मला म्हणाली, "पुढं वाच." मी पुढं वाचलं. हिस आईकडून. तिनं ते तीनदा-चारदा वाचायला लावलं, आणि दर वेळी नाव आलं की ती म्हणायची आणि मी पुढचं वाचायचे. माझा आवाज मलाच ऐकवत नव्हता. ज्या तोंडानं हिच्या लेकीबद्दल रानात बोलले, त्याच तोंडानं वाचत होते.

झाल्यावर तिनं राघूचा चाकू उचलला, आपल्या हातानं, आणि कमरेला खोचला. "बाकीचे ज्याचे त्याला दे," म्हणाली. "खिळे ठोकले म्हन."

मी दारोदार जाऊन चाकू परत खाली ठेवून आले. त्याला आता वर्ष होत आलं. मी अजून चाकू करते, पण भंगारातल्या भांड्यावर काय लिहिलंय ते आधी वाचते, आणि नाव असेल तर ते भांडं कापत नाही. रानात जेवणं झाली की बायका अजून चाकू मागतात. मी खाली ठेवला की उचलतात आणि सगळ्यांत आधी खिळा हलवून बघतात, सैल तर नाही ना म्हणून. शेजारीण तर दर वेळी हसून म्हणते, बघून घे गं बाई, हिचं काही खरं न्हाई. मावशी तिथंच बसलेली असते, आता आमच्यातच जेवते ती. मी मान खाली घालते आणि काही बोलत नाही.